लातूरचं मशीन बंद नव्हतं

खाजाभाईच्या छापखान्यातून आजवर माझी पन्नासेक पत्रकं निघाली. टँकरवाल्यांविरुद्ध, नगरपालिकेविरुद्ध, लातूरविरुद्ध. माझ्याविरुद्ध एकही नाही. हे पहिलंच. यातली गोष्ट आईला ठाऊक नाही, समितीला नाही, खाजाभाईलाही नाही — आणि खाजाभाईला ठाऊक नाही म्हणजे उदगिरात कुणालाच ठाऊक नाही, असं समजा.

तुम्हाला सांगतो. पण सरळ सांगता येईल का? पत्रकं लिहिणाऱ्याला उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपवता येत नाही, आणि ही गोष्ट उद्गारचिन्हाची नाही.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आम्ही मागत होतो लातूरपासून वेगळा जिल्हा. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे! लोक म्हणायचे, अरे आधी पाणी मागा की. मी पत्रकात उत्तर दिलं: जिल्हा झाला असता तर ती रेल्वे आमच्या स्टेशनात थांबली असती! या वाक्याचा मला लई अभिमान होता. तहानलेल्यांना जिल्हा पाजायला निघालेली आमची समिती, आणि तिचे अध्यक्ष कांबळे गुरुजी.

गुरुजी आमच्याच गल्लीतले. पहिलीत मला अक्षर गिरवायला लावलं ते त्यांनी. विहाराच्या फळ्यावर वंदनेची वेळ त्यांच्या हातची, गल्लीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर पाहुण्यांची नावं त्यांच्या हातची. लोक पत्रिका फेकून द्यायचे, पाकीट ठेवून घ्यायचे — असं अक्षर. मग त्या हाताला कंप सुटला. मांडीवर ठेवला की शांत. उचलला, पेला धरला, खडू धरला की सुरू. चहा गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, पाजायच्या, बशीनं.

आणि सभेत? सभेत गुरुजी मूठ वर करायचे आणि ती थरथरायची. लोकांना वाटायचं, संताप! वाटायचं म्हणजे — मीच वाटायला लावलं होतं. ‘अन्यायाच्या चिडीनं थरथरणारी ही मूठ!’ हे माझं वाक्य. प्रत्येक फ्लेक्सवर तीच मूठ. पोरं मोटारसायकलवरून मुद्दाम मूठ हलवत जायची. देवणीच्या सभेत एक म्हातारी उठून म्हणाली, “मास्तर, येवढा राग बरा न्हाई. जेवता तरी येतंय का?” गुरुजी म्हणाले, “न्हाई ना माय. तेच तर येत न्हाई.” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी फक्त खरं सांगितलं होतं.

नांदेडला महिन्यातून एकदा हैदराबादचे मेंदूचे डॉक्टर यायचे. तिथं गुरुजींना मीच घेऊन गेलो होतो. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे माझ्याबद्दल थोडं बरं वाटेल. पुढे वाटणार नाही.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आता भागायचं नाही. ऑपरेशन करू. आधी मशीनमध्ये डोक्याचे फोटो काढायचे. त्या फोटोंवर मोजमाप करून ठरवायचं, शेवईएवढी तार कुठून शिरवायची आणि किती खोल न्यायची. तार आत जाताना मेंदूच्या पेशींचा आवाज ऐकायचा. कंप जिथून निघतो ती जागा त्या आवाजावरून ओळखायची, आणि तिथं बारीकसा करंट द्यायचा. पेशंट जागाच असतो. मेंदूच्या खोल भागात काय चालतं याचा त्यांचा अभ्यास चालू होता. त्यात गुरुजींच्या नोंदी घेणार होते, म्हणून खर्चाचा भार गुरुजींवर नव्हता. एरवी असल्या अभ्यासावर मी दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं असतं — आमच्या मेंदूवर प्रयोग चालणार नाहीत! पण गुरुजींचा चेहरा बघितला आणि गप्प बसलो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “अक्षर येईल का?” आणि, “नातीच्या लग्नाआधी होईल का?”

स्नेहाचं लग्न बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी होतं. तिच्या पत्रिकांवर नावं त्यांना स्वतः घालायची होती. उभ्या गल्लीची घातली, घरच्या पोरीची राहायला नको — एवढंच. डॉक्टर म्हणाले, तारीख फोनवर कळवू. गुरुजींना मोबाइल धरवत नव्हता. म्हणून दवाखान्यात नंबर दिला तो माझा.

दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी खाजाभाईकडे मोर्चाच्या पत्रकाचं प्रूफ बघत होतो. सोमवारी लातूरला फोटो काढायचे, बुधवारी हैदराबादला दाखल व्हायचं. लग्नाला तेव्हा सव्वादोन महिने होते. आणि आमचा मोर्चा? त्याच्या पुढच्या सोमवारी, थेट लातूरच्या कलेक्टर कचेरीवर. समोर आधीच्या पत्रकांचा छापून पडलेला गठ्ठा, प्रत्येक कागदावर ती मूठ. मी डोळ्यांसमोर आणून बघितलं — गुरुजी, डोक्याला पट्टी, आणि वर केलेली मूठ… गप्प. एकदम गप्प. बसला थांबायला सांगावं तशी.

मी फोनवर म्हणालो, “पेशंटला ताप आहे.”

इतक्या सहज. इतक्या छोट्या वाक्यात. बाई म्हणाल्या, मग पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळेल. मी म्हणालो, चालेल. कुणाला चालेल, ते त्यांनी विचारलं नाही.

आता गुरुजींना काय सांगायचं? ते मशीन थंड ठेवायला पाणी लागतं, हे मला नांदेडच्या एका कंपाउंडरनं सांगितलं होतं. माहिती कधी वाया जात नाही. मी गेलो आणि म्हणालो, “गुरुजी, लातूरचं मशीन बंद हाय. त्याला पाणी लागतं. पाणीच न्हाई.”

त्या उन्हाळ्यात ‘पाणी नाही’ म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नव्हतं. लग्नं पुढं ढकलली जात होती, वसतिगृहं रिकामी होत होती. मग मशीन बंद का नसावं? गुरुजी मांडीवरच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हाव. माणसाला न्हाई, तर मशीनला कुठून.” आणि पुढं — ऐका हे — पुढं म्हणाले, “ह्याच्यावर पत्रक काढ.”

मी काढलं. बेइमानीला हद्द असते का? ‘मेंदूच्या मशीनलाही पाणी नाही! उदगीर जिल्हा झालाच पाहिजे!’ तीन हजार प्रती. मशीन कुठल्या दवाखान्याचं ते मात्र टाकलं नाही. तेवढी अक्कल होती. छापायच्या आधी ते गुरुजींनीच तपासलं, नेहमीसारखं. लाल पेन कागदावर नुसतं नाचत होतं. एका चुकीभोवती त्यांनी गोल काढला, त्यात पाच बरोबर शब्द सापडले.

मोर्चा जोरात झाला. निवेदन देताना गुरुजींच्या हातातला कागद असा फडफडला की साहेबांनी तो दोन्ही हातांनी झेलला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सगळे स्पष्ट, मूठ तेवढी धूसर. मला वाटलं, जिंकलो. जिल्हा अजून व्हायचा आहे, ते तुम्हाला माहीतच आहे.

मग पत्रिका आल्या. गुरुजींनी एक पाकीट लिहायला घेतलं. काकूंनी मनगट धरलं, मी पाकीट दाबून धरलं. एक नाव लिहायला तिघं माणसं, आणि ते नाव कुणाचं हे तिघांनाही वाचता येईना. त्यांनी पाकिटाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. “राहुल, तूच लिही बाबा,” काकू म्हणाल्या, “तुझं अक्षर त्यांनीच घडवलंय.”

मी लिहिली. तीनशे पाकिटं. आणि सवयीनं प्रत्येकावर खाली लिहिलं — ‘हजारोंच्या संख्येने सामील व्हा!’ नवरदेवाकडचे हदगावचे. त्यांचा फोन आला, “गुरुजी, लग्न हाय का मोर्चा? झेंडे आणायचे का?” घरभर हसू. गुरुजीही हसले. हसताना त्यांचा हात खिशावर होता.

तो खिसा मला दिसला होता. तेव्हाही मी बोललो नाही. तेव्हा बोललो असतो तर — नाही, तेव्हाही काही झालं नसतं. तारीख गेली होती.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी, त्या पुढच्या तारखेला, ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर गुरुजी मला म्हणाले, “अरे, माझ्या मेंदूचा आवाज ऐकवला त्यांनी मला. पत्र्यावर पाऊस पडावा तसा. सगळ्या मराठवाड्यात थेंब न्हाई, अन् माझ्या डोक्यात झड लागलेली!” तार जागेवर बसल्यावर त्यांना कागद दिला होता, गोल गोल काढा म्हणून. त्यांनी गोल काढले. मग कुणी न सांगता खाली लिहिलं: आयुष्मती स्नेहा. तो कागद त्यांनी मला दाखवला. वळणदार, फळ्यावरचं असायचं तसं.

पुढच्या सभेत मूठ वर गेली आणि तिथंच राहिली. लोक कुजबुजले, गुरुजी मॅनेज झाले. छातीच्या कातडीखाली त्या तारेला करंट देणारी बॅटरीची डबी होती. कुणी म्हणालं, सरकारनं बसवली. समितीनं मला पाठवलं — सभेपुरती ती डबी बंद ठेवता येते का, विचार. मी विचारलं! होय, तेही विचारलं. गुरुजी म्हणाले, “ठेवतो की. पण मग चहा तू पाजायचा, बशीनं. कबूल?” काकू माझ्याकडे रागानं बघायला लागल्या. तर ते काकूंना म्हणाले, “ह्याला काही बोलू नका. माझ्या हातासाठी पळाला तो हाच एकटा. सगळे फोन ह्यानंच घेतले.”

हो. सगळे फोन मीच घेतले.

माझं प्रत्येक पत्रक अजूनही गुरुजीच तपासतात. पेन आता हलत नाही. गोल काढला की त्यात एकच शब्द येतो. हे कागद उद्या सकाळी मी त्यांच्याकडेच देणार आहे, नेहमीसारखे, चहाच्या वेळेला. ताप नव्हता. लातूरचं मशीन चालू होतं.