शॉर्टवेव्हवरची शिट्टी

आमचे दादा आधी ट्रक रंगवायचे. नळदुर्गात हमरस्त्याला लागून आमचं पत्र्याचं दुकान. सोलापूर-हैदराबाद करणारे ट्रक शेजारी चहाला थांबायचे, अन् तेवढ्यात दादा त्यांच्या मागच्या फाळक्यावर अक्षरं काढून द्यायचे. अक्षर असं की बघत राहावं. पुढं निजामाचं राज्य गेलं, आपला उस्मानाबाद जिल्हा मराठी मुलखात आला, गावोगाव रेडिओ यायला लागले. दादांनी ब्रश ठेवला अन् रेडिओ दुरुस्ती धरली. मी त्यांचा धाकटा भाऊ, सोलापुरात एका दुकानात हे काम शिकून आलेलो. दुकान दोघांचं, पण शब्द दादांचा. मी काही गप्प बसणारातला नव्हतो. माझं डोकं लवकर तापतं. आता म्हातारपणीसुद्धा बायको म्हणते, तुमच्या टाळूवर भाकरी भाजून घ्यावी.

ब्रश सुटला तरी दादांची रंगाऱ्याची सवय काही सुटली न्हाय. रेडिओच्या पोटात मेणकागदाचे कंडेन्सर असतात. बोटाएवढ्या नळ्या, दोन्ही टोकांना तारेचा एकेक पाय, अंगावर इंग्रजी अक्षरं अन् आकडे छापलेले. दादा ते असे बसवायचे की मागचं फळकूट काढलं की सगळी अक्षरं सरळ वाचता यावीत, एका ओळीत, एका दिशेला, बाजारातल्या पाट्यांसारखी. त्यापायी कंडेन्सरचे पाय लांब ठेवायचे अन् काटकोनात वाकवायचे. गिऱ्हाईक आत बघून खूष व्हायचं.

मी सांगून थकलो होतो. कंडेन्सरच्या एका टोकाला काळा पट्टा असतो, तो शोभेला नसतो. आत दोन पन्न्या कागदात गुंडाळलेल्या असतात. त्यातली जी सगळ्यात बाहेर राहते, ती पट्ट्याकडच्या पायाला जोडलेली. तो पाय खालच्या लोखंडी पत्र्याला, म्हणजे अर्थला लावला, की बाहेरची पन्नी आतल्या पन्नीवर पांघरूण घालते. उलटा लावला, की हीच उघडी पन्नी शेजारच्या तारेच्या गुंडाळीच्या, म्हणजे कॉईलच्या, कानाला लागते अन् सेट आपल्याच आवाजानं केकाटायला लागतो. लांब पायांनी आणखी भर पडते. दादांच्या एका दिशेच्या हट्टापायी निम्मे पट्टे चुकीच्या टोकाला जायचे. दादा म्हणायचे, "वाजतोय नव्हं? मग झालं." अन् वाजायचा खरंच. मिडियमवेव्हवर फरक कळत न्हाय. शॉर्टवेव्हवर कंपनं लई जलद, तिथं हे सगळं उघडं पडतं. पण आमच्याकडं शॉर्टवेव्ह लावायला बसलंय कोण?

सरहद्दीवर लढाई झाली, त्या हिवाळ्यात आमच्या अक्कावर ती पाळी आली.

अक्का आमची बहीण, दादांच्या पाठची, माझ्याहून मोठी. दाजी फौजेत होते, वर सरहद्दीवर. लढाई थांबली अन् अक्काच्या सासरी, सास्तूरला, तार आली की दाजी बेपत्ता आहेत. बेपत्ता म्हणजे काय, ते कुणालाच नीट सांगता येईना. अक्का आमच्याकडं आली. सासऱ्यांचा निरोप मागोमाग आला: पुनवेपर्यंत वाट बघू, मग मी येतो अन् जे करायचं ते करू. जे करायचं ते म्हणजे नदीवर दहावा घालायचा अन् अक्काचं कुंकू पुसायचं. हे आमच्या घरात कुणी तोंडानं बोललं न्हाय, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात एक हैदराबादचा ड्रायव्हर दुकानात आला. दादांनी त्याचा ट्रक पूर्वी रंगवलेला. त्याला हकीकत कळली तसा म्हणाला, "शाम कू रेडिओ पे नामां पढते उनो, पकडे सो लोगां के. शॉर्टवेव्ह पे लगाओ, भाई." शत्रूच्या मुलखातलं केंद्र, दिवेलागणीनंतर हिंदीत कैद्यांची यादी वाचतं. नाव, गाव, जिल्हा. यादी दोन-तीन संध्याकाळी पुरते, संपली की पुन्हा पहिल्यापासून. अक्का आतल्या दाराशी उभी होती. हातातलं ताट तिनं तिथंच जमिनीवर ठेवलं.

आमच्याकडं दादांचा स्वतःचा बॅटरीचा सेट होता, त्यांनी हातानं बांधलेला, त्यांचा फार जीव त्याच्यावर. संध्याकाळी अंगणातल्या लिंबाला एरियलची तार चढवली अन् काटा फिरवत गेलो. केंद्र सापडलं. नेमकी तिथंच शिट्टी. बारीक, चिरकी, कानात सुई घातल्यासारखी. काटा जरा इकडं केला तर शिट्टी जाड व्हायची, तिकडं केला तर बारीक, पण जायची न्हाय. तिच्याखाली एक माणूस संथपणे काहीतरी वाचत होता.

मी फळकुटाला हात घातला, तर दादांनी माझं मनगट धरलं.

"सेटला हात लावायचा न्हाय."

"दादा, कॉईलजवळचा तो कंडेन्सर उलटा बसलाय. शिट्टी त्याचीच हाय."

"हवा खराब हाय. उद्या लागंल. माझ्या कामाला नावं ठेवायला लागला व्हय तू?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. असा संताप आला की दादांना काय बोलू अन् काय नको. बोललोही. अक्षरं काढणारानं फाळकेच रंगवावेत असं बोललो. दादांचा चेहरा पडला, पण मनगट सुटलं न्हाय.

दुसऱ्या दिवशीही हवा खराब, तिसऱ्या दिवशीही. तिकडं चांद भरत चाललेला. अक्का रोज दिवा लावून झाला की सेटसमोर बसायची, आवाज येतो त्या पुढच्या कापडाला कान लावून. दादा मागं खाटेवर. मी दारात उभा, दात आवळून. आत बसलो असतो तर पुन्हा तोंड सुटलं असतं. दिवसभर आम्ही भाऊ एकमेकांशी बोलत नव्हतो, पाना द्यायचा तरी बाकावर आपटायचो. संध्याकाळ झाली की ती शिट्टी, अन् शिट्टीखाली नावं निघून चाललेली. त्यातलं एखादं दाजींचं असेल की!

एका संध्याकाळी अक्कानं कापडावरून कान काढला अन् दादांकडं वळून बसली. तिचा आवाज चढला न्हाय.

"दादा, त्या शिट्टीखाली माणूस बोलतंय. नावं घेतंय. मला कळंना काय म्हणतंय ते. तुमचं काम सुंदर हाय, पर मला ऐकायचंय."

दादा उठले. बॅटरी सोडली, सेट उघडून चटईवर पालथा केला. शेगडीत सोल्डरिंगची सळई ठेवली. ती तापली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "कुठला?"

मी बोट दाखवलं. दादांनी स्वतःच कथलाचा डाग सोडवला, स्वतःच लांब पाय कापून आखूड केले, कंडेन्सर फिरवून पत्र्याला चिकटून बसवला. काळा पट्टा अर्थकडं गेला, छापलेली अक्षरं उलटी होऊन खाली दबली. वाचता येईनाशी झाली. दादांच्या सेटमध्ये असं मी प्रथमच बघत होतो. कथील दोनदा ओघळलं.

सेट लावला. शिट्टी गेली. तो वाचणारा जणू आमच्या खोलीत बसून बोलतोय इतका साफ ऐकू यायला लागला. मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. दादांच्या पाठीवर थाप मारावी वाटली, पण धीर झाला न्हाय.

त्या संध्याकाळी यादी मधूनच मिळाली. ती संपली, पुढच्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. अक्का मांडी घालून ताठ बसायची, हात मांडीवर. पंजाबातली नावं, पहाडातली, बिहारातली. मराठी नाव आलं की ती कापडाकडं झुकायची, मग जिल्हा सातारा निघायचा. एकदा जिल्हा उस्मानाबाद म्हणाला. दादा खाटेवरून अर्धे उठले. नाव दुसऱ्याच कुणाचं होतं, गाव परंड्याकडचं. कुणा बाईचं कुंकू तिकडं वाचलं, असं मनात आलं अन् मला त्या अनोळखी बाईचा राग आला. खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या संध्याकाळी यादी फिरून पुन्हा आम्ही ऐकायला लागलो होतो तिथं आली. वाचणारा ओळखीच्या नावांवर पोचला, तसं आम्हा तिघांना कळलं. सगळी यादी ऐकून झाली होती. एकही नाव चुकलं नव्हतं, एकही अक्षर गळलं नव्हतं. दाजी तिच्यात नव्हते.

दादांनी बटण बंद केलं. अक्का रडेल म्हणून मी वाट बघत होतो. ती रडली न्हाय.

"उद्या पुनव, मामंजी येणार," ती म्हणाली. "दादा, ते आतलं होतं तसं बसवा."

मला आधी कळलंच न्हाय. दादांना कळलं. त्यांनी मान हलवली अन् शेगडीवर फुंकर घातली. मी तोंड उघडलं होतं, पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी सळई आणून त्यांच्या हातात दिली. नवे लांब पाय जोडून, काटकोनात वाकवून, दादांनी कंडेन्सर जुन्या जागी बसवला. अक्षरं सरळ. कथील या वेळी ओघळलं न्हाय.

अक्काचे सासरे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. पायावर पाणी घेतलं अन् सेटसमोर बसले. दादांनी केंद्र लावलं. शिट्टी सुरू झाली. म्हाताऱ्यानं डोकं वाकवून ती लई वेळ ऐकली.

"रोज असंच व्हतंय?"

"रोज, मामा," दादा म्हणाले.

"नाव आलं का न्हाय, काय कळायचं न्हाय म्हणा."

"न्हाय कळत."

म्हाताऱ्यानं अक्काच्या कपाळाकडं बघितलं, मग खाली. फेट्याचा सोगा डोळ्यांना लावला.

"मग कशाची घाई," ते म्हणाले. "राहू दे तिचं हाय तसं. लेकरू कुठं तरी असंल."

ते गेले, ते पुन्हा ही गोष्ट काढायला कधी आले न्हायत. पुनव गेली, कितीक पुनवा गेल्या. अक्का म्हातारी होऊन गेली, कुंकवासकट गेली. दादा तिच्या आधीच गेले.

तो सेट माझ्याकडं आहे. कधी धूळ पुसायला मागचं फळकूट काढतो. आत सगळी अक्षरं सरळ, एका ओळीत, अन् कॉईलजवळचा काळा पट्टा चुकीच्या टोकाला. उलटं जोडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात, उभा जन्म त्यातच गेला. तिथं मात्र मी सळई लावलेली न्हाय.