हंडा ठेवला की नंबर आपला

कन्नडच्या स्टँडवर आई एसटीत चढली तेव्हा तिच्या कडेवर मोकळा पितळी हंडा होता. दोन गोधड्या, पत्र्याची पेटी आणि ज्वारीचं अर्धं पोतं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच टपावर चढवलं होतं. हंडा मात्र आईनं कुणाच्या हाती दिला नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हंड्याचं बी तिकीट काढावं लागंल." आई म्हणाली, "काढते की. पर मग भरून दे त्याला." अख्खी गाडी हसली. त्या वर्षी हसायला फारसं काही नव्हतं, म्हणून ते हसू माझ्या अजून लक्षात आहे.

गावाकडच्या मंडळींनो, तुम्ही सगळे निरोप द्यायला फाट्यापर्यंत आला होतात. काकू म्हणाली होती, "दिवाळीला या बरं का." आम्ही हो म्हणालो आणि ती दिवाळी काय, पुढच्या दोन दिवाळ्या आलो नाही. त्याचा राग अजून कुणाच्या मनात असेल तर तो रास्त आहे. पण सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, विहिरीत गाळ उरला होता आणि अण्णांना शहरातल्या एका कंपनीत वॉचमनचं काम मिळालं होतं. मी आठवीत होते. मला विचारलंच कुणी नाही.

वेरूळ, खुलताबादचा घाट, दौलताबाद, आणि मग शहराच्या वेशीवरचं पडेगाव. शहर सुरू व्हायच्या आधीच आमचं शहर संपलं. आज तिथं अपार्टमेंटा उभ्या आहेत, शोरूमा आहेत, पिझ्झा घरपोच येतो. तेव्हा मोकळे प्लॉट, पत्र्याच्या खोल्या आणि धूळ होती. ज्या पाण्यासाठी गाव सोडलं, ते इथंही टँकरनंच यायचं, आणि तेही चार-पाच दिवसांनी. अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "आगीतून निघालो अन् फुफाट्यात आलो."

टँकरच्या रांगेचा कायदा मात्र गावासारखाच होता. माणूस रांगेत उभा नसला तरी चालतं, त्याचा हंडा उभा असला म्हणजे झालं. हंडा ठेवून घरी जावं, भाकरी थापाव्यात, पोराला न्हाऊ घालावं. कुणी तुमचा हंडा मागं सरकवणार नाही. हा कायदा शमीम खाला सांभाळायच्या. शेजारच्या खोलीत राहायच्या, आवाज असा की टँकरचा ड्रायव्हरही वचकून असायचा. एखादी नवी बाई मधे घुसू लागली की खाला म्हणायच्या, "ए, वो हंडा दिखता नै क्या? नंबर उसकाच है."

आईला खालांची भाषा येत नव्हती, खालांना आईची. पहिल्याच आठवड्यात दोघींची मैत्री झाली. आई बिनधास्त म्हणायची, "मेरेकू लई काम है," आणि खाला म्हणायच्या, "मग जा ना बाई, मी देखती." कुणी कुणाची चूक काढली नाही. दोन महिन्यांत आई भाजीवाल्याशी खालांच्या दखनीत भांडू लागली, आणि जिंकू लागली.

मी मात्र शाळेत मुकी झाले होते. पहिल्याच दिवशी इंग्रजीच्या सरांनी धडा वाचायला उभं केलं. माझा तोंडवळा गावचा, उच्चार गावचे. पहिल्या ओळीला वर्ग हसला, दुसऱ्या ओळीला मी अडले. सरांनी डस्टर आपटलं, मग पहिली ओळही निघेना. मग रोज तेच. उभी राहायचे, पुस्तक उघडायचे, खाली बसायचे. शेवटी हेडमास्तरांनी अण्णांना बोलावून सांगितलं की चाचणीपर्यंत पोरगी वाचायला लागली नाही तर सातवीत बसवू. अण्णा घरी येऊन म्हणाले, "नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या. शिलाई शिकंल." आई चुलीपुढून उठलीही नाही. "शिलाई बी शिकंल. आधी हे शिकू द्या."

अण्णा 'ऱ्हाऊ द्या' म्हणाले तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे. शाळा सुटावी असं मला मनापासून वाटत होतं.

एका सकाळी टँकरला उशीर झाला. मी हंड्याशेजारी पुस्तक घेऊन बसले होते. खाला म्हणाल्या, "पढ़के सुना ना बेटी, टँकर आए तक." धडा होता एका मुलाच्या घराविषयी. पहिली ओळ, 'माय होम इज निअर द रिव्हर.' आमच्या नदीत पोरं गोट्या खेळत होती, पण ते असो. मी 'माय होम इज' म्हणाले आणि अडकले. मागची एक बाई म्हणाली, "येत नाही वाटतं हिला." खालांनी वळून तिच्याकडं पाहिलं. "हंडा रक्खी ना वो? नंबर उसकाच है. जब पढ़ना तब पढ़ेगी. तुमकू कायकी जल्दी?"

आणि खरंच कुणी घाई केली नाही. कुणी माझ्याकडं बघेना. कुणी मिसरी लावत होतं, आई पदरानं हंडा पुसत होती. बऱ्याच वेळानं मी वाचलं. आख्खं पान. ऐकणाऱ्या एकीलाही इंग्रजी येत नव्हतं, तरी सगळ्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी एक वेडेपणा केला. पुढं गेले आणि माझी कंपासपेटी त्यांच्या टेबलावर ठेवली. "हे काय?" "नंबर ठेवलाय सर. मी वाचणार हाय. पर आज नाय." वर्ग फुटला हसून. सरही टँकरच्याच गावचे असावेत, कारण त्यांनी डस्टर उचललं नाही. पेटी टेबलाच्या कोपऱ्याला सरकवली आणि म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ दे तिथं."

चार दिवस पेटी तिथं राहिली. भूमितीच्या तासाला मी कर्कटक उसनं घेतलं, पण पेटी उचलली नाही. पाचव्या दिवशी, चाचणीला दोन दिवस असताना, न बोलावता उभी राहिले आणि वाचलं. तीन चुका झाल्या. कुणीतरी हसलं. सर फक्त म्हणाले, "पुढचं." मी पुढचं वाचलं.

आता मीच इंग्रजीची मॅडम आहे. माझ्या वर्गात खिडकीची कड मोकळी ठेवलेली असते. ज्याला आज बोलायचं नाही त्यानं आपली पाण्याची बाटली तिथं ठेवावी. नंबर जात नाही, पण सुटकाही नाही. हेडसर दर वर्षी विचारतात, "मॅडम, असा पोर्शन संपायचा कधी?" दर वर्षी वेळेत संपतो, कारण दिवाळीपर्यंत खिडकी रिकामी होते आणि मग पोरांना गप्प कसं करावं हा प्रश्न उरतो. मजल्यावरचा सगळ्यात गोंगाटाचा वर्ग माझा आहे. मला त्याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून रविवारी दुपारी याच वर्गात वस्तीतल्या बायकांनाही इंग्रजी शिकवते. पहिल्या रविवारी आई आली, साठी उलटलेली, तोच हंडा कडेवर घेऊन. खिडकीत मावेना, म्हणून दारात ठेवला आणि मागं बसली. शेजारी शमीम खाला. तीन महिने आई एक शब्द बोलली नाही. रविवारी हंडा आणायची, संध्याकाळी घेऊन जायची. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे तिच्याच रांगेत शिकले होते.

मागच्या रविवारी ती उठली. पदर सावरला, पुस्तक हातात घेतलंच नाही. "माय होम इज," म्हणाली आणि थांबली. कितीतरी वर्षांपूर्वी रांगेत ऐकलेली ओळ तिनं जपून ठेवली होती. खालांनी डोळे वटारून सगळीकडं पाहिलं, कुणी घाई करत नाही ना म्हणून. माझ्या ओठांवर पुढचे शब्द आले होते, पण मी ते गिळले. आई नदीपाशी काही गेली नाही. तिनं खिडकीबाहेर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, "पडेगाव."

मग दारातून हंडा उचलून कडेवर घेतला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.