मोगऱ्याच्या कुंड्या आणि पेंडीचे पोते

आयुष्यभर मी केवळ केस डायरी लिहिली, तीही इंग्रजीत किंवा तमिळमध्ये. तंजावरच्या वडिलांनी शिकवलेली मराठी घरापुरतीच राहिली. साठी उलटल्यावर त्या भाषेत लेखणी उचलण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल वाचकांनी प्रथम क्षमा करावी. प्रकरणही मोठे नाही. त्यात खून नाही, दरोडा नाही. तरीही सेवेतील कितीतरी गुन्हे विसरलो, हे एक मात्र मनातून गेले नाही.

शहराच्या कडेला असलेल्या वेलचेरीत तेव्हा नव्या इमारती उभ्या राहत होत्या. रेल्वे अजून तिथवर पोहोचायची होती. मी त्या भागातील ठाण्याचा निरीक्षक होतो. एका सकाळी संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या एक बाई लेखी तक्रार घेऊन आल्या. त्यांचा मणी नावाचा लॅब्रेडोर आदल्या रात्रीपासून रक्ताच्या उलट्या करीत होता. पशुवैद्यांनी विषबाधा असल्याचे सांगितले होते. विष कोणते, हे लवकर कळवा, असेही बजावले होते.

बाईंचा संशय इमारतीच्या वॉचमनवर होता. त्याच्या बायकोने दारापुढे काढलेले कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, मणीने विस्कटले, तेव्हा "एक दिवस या कुत्र्याला बघतोच," असे तो सर्वांदेखत म्हणाला होता.

स्टेशन रायटरने, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाने, तक्रार नोंदवून पावती दिली आणि मी जागा पाहून आलो. बाईंचे सासरे निवृत्त मास्तर. गच्चीवर त्यांनी मोगरा फुलवला होता. कुंड्यांशेजारी पेंडीचे उघडे पोते होते. मी चिमूटभर पेंड हातात घेऊन पाहिली आणि परत टाकली. आमच्या गावी गाईंना रोज भुईमुगाची पेंड भिजवून घालत. पेंड म्हणजे खाणे, एवढेच माझ्या डोक्यात पक्के होते.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "वॉचमनच्या खोलीत उंदराचं औषध आहे. बघा जाऊन." झडतीत पुडी खरोखरच सापडली. ती फोडलेली नव्हती, हे मला दिसले. परंतु दुसरी एखादी असू शकेल, असे मी स्वतःला समजावले. रहिवासी संघाचे अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही गुन्हा दाखल करा, आम्ही आजच त्याला काढतो." जिन्याखालची ती खोली हेच त्याचे घर होते. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात पाय अधू झाल्यावर त्याला एवढीच नोकरी मिळाली होती. ती गेली असती, तर बायको आणि लहान मुलीसह तो रस्त्यावर आला असता.

त्याला ठाण्यात आणून मी समोर बसवले.

"कुत्र्याला काय दिलंस?"

"बिस्किट, अय्या. रोज देतो," तो म्हणाला. अय्या म्हणजे साहेब.

"मग धमकी कोणी दिली?"

"मीच. अर्धा तास कंबर वाकवून तिनं कोलम काढलं होतं. बायकोसमोर नवऱ्यानं काहीतरी बोलायला नको?"

रायटरने मान वर केली. "सार, हे जबाबात घेऊ?"

मी त्याला गप्प केले. "काल मणीला कधी पाहिलंस?"

"चारच्या सुमाराला गच्चीवरून खाली आला. नाकातोंडाला माती. अम्मा रागावतील म्हणून मीच ओल्या फडक्यानं पुसलं." मग त्याने विचारले, "अय्या, मणी वाचेल ना?"

माझा अनुभव असा, की दोषी माणूस आधी स्वतःचे काय होईल ते विचारतो. मी टोपी उचलली आणि पुन्हा गच्ची गाठली.

कडेच्या दोन कुंड्या उकरलेल्या होत्या. मास्तर म्हणाले, "कालच खत घातलं. पेंड आणि हाडांची भुकटी. पण पेंडीनं काय होणार? गाय खाते की."

"खरं आहे," मीही म्हणालो. तरी तिथूनच पशुवैद्यांना फोन लावला.

पलीकडून एकच प्रश्न आला. "पेंड कशाची?"

मी मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी पोत्याकडे. जॉर्ज टाउनच्या दुकानदाराने मुंग्या लागू नयेत म्हणून दिलेली ती पेंड एरंडीची होती. पशुवैद्यांनी सांगितले, की ती कुत्र्याला घातक असते, आणि हाडांच्या भुकटीच्या वासाने कुत्रा ती उकरून खातो.

मास्तरांनी आयुष्यात कित्येकांना बाकावर उभे केले असेल. त्या संध्याकाळी मी वॉचमनला घरी सोडले, तेव्हा ते स्वतः जिन्याखाली जाऊन उभे राहिले.

"चूक माझी आहे, तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तसे ते म्हणाले.

"चूक राहू द्या, सार. पोत्याचं तोंड आधी बांधा."

संघाचे अध्यक्ष वर निघून गेले. वॉचमनची नोकरी टिकली. चौथ्या दिवशी मणीने दहीभात खाल्ला आणि बाईंनी बिस्किटाचा पुडा वॉचमनच्या हाती दिला. तक्रार मी गुन्हा न नोंदवता निकाली काढली. सेवेतील फार थोड्या कागदांवर मी इतक्या आनंदाने सही केली असेल.

विष मी सकाळीच हातात धरले होते. ओळखीचे वाटले, म्हणून त्याला काहीच विचारले नाही. गरीब माणसाला मात्र ठाण्यात बसवले. त्यानंतर कोणत्याही घटनास्थळी ओळखीच्या वस्तूची चौकशी मी प्रथम करू लागलो.

आपल्या कुंड्यांशेजारी जे पोते ठेवले आहे, त्यात नेमके काय आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?