नव्व्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तात्याराव निवृत्त झाले, पण आकडा दिसला की तो फोडून बघायची त्यांची खोड काही निवृत्त झाली नाही. शेजाऱ्यांनी नव्या गाडीचे पेढे दिले, तेव्हा पेढा तोंडात असतानाच ते सांगून आले, की तुमच्या नंबरला तेराने भाग जातो. तेव्हापासून त्या घरून पेढे येणं बंद झालं.

अशा माणसाच्या जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९८७ वर आलं. त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि दूध चालत जाऊन आणायला लागले. कारण सोपं होतं, म्हणजे त्यांच्या मते. ९९,९९१ ही पाच अंकी मूळ संख्यांमधली सगळ्यात मोठी. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच भागत नाही. त्यात ९९,९८९ हीसुद्धा मूळ, म्हणून ही जोडमूळ. दोघींच्या मधली ९९,९९० मात्र संयुक्त, लग्नघरातल्या लाडवांसारखी. दोन, तीन, पाच, अकरा, जो येईल तो वाटा घेऊन जातो. मीटरला घरं पाचच, पुढे नुसती शून्यं. आणि स्कूटर महिनाअखेर भंगारात जायची होती. रविवारी बायकोला, हिराबाईंना, मागे बसवून तो आकडा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. हुकला तर या जन्मात पुन्हा नाही.

हे सगळं हिराबाईंना इतक्या वेळा सांगून झालं होतं, की त्या ऐकतात की नुसती भाजी निवडतात, हे बघणंही तात्यारावांनी सोडून दिलं होतं.

शुक्रवारी भाचीच्या लग्नासाठी शिवलेले ब्लाउज आणायला हिराबाईंना शनिवार पेठेत जायचं होतं. रिक्षाने जा, असा सल्ला देऊन तात्याराव आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघतात तर खिळा रिकामा. आकड्याला उरले होते चारच किलोमीटर, आणि शनिवार पेठ त्याच्या कितीतरी पुढे. संपलं सगळं. चिडून त्यांनी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली. तेवढ्यात फोन वाजला.

"वाकडेवाडीच्या पुढे उभी आहे," हिराबाई म्हणाल्या. "नव्व्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव. येताय, की जाऊ पुढे?"

रिक्षावाला म्हणेल ते कबूल करून तात्याराव पोचले. हिराबाई रस्त्याच्या कडेला मीटरवर पर्सची सावली धरून उभ्या होत्या. तात्याराव वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. ट्रॅफिक हवालदाराने पेट्रोल संपलंय का विचारलं, तेव्हा ते तिसऱ्यांदा वाकले होते.

मग त्यांचा पाय निघेना. स्कूटर ढकलत नेऊ या, असं त्यांनी सुचवून बघितलं. पुढचं चाक फिरलं की आकडा पळणारच, असं म्हणून हिराबाईंनी त्यांना मागे बसवलं. बायकोच्या खांद्याआड मीटर दिसेना. थोडा वेळ कळ काढून तात्यारावांनी विचारलं, आता किती झाले?

"काही का असेना," हिराबाई म्हणाल्या. "आता शून्यं येईपर्यंत सगळ्या संयुक्तच. नीट धरून बसा."

म्हणजे इतकी वर्षं बाई ऐकत होती तर. तात्यारावांना फार बरं वाटलं, थोडी लाजही वाटली, आणि त्यांनी नीट धरलं.