झऱ्याकाठच्या मिठाच्या विटा

तुमचे आजोबा जनावरांचे डॉक्टर, म्हणून ऐंशीच्या दशकात आम्ही तीन वर्षं अमेरिकेत, नेवाडात, गुरांच्या एका रँचवर भाड्याने राहिलो. तिथे मी घातलेला घोळ आजोबा तुम्हाला फोनवर अर्धाच सांगतात, तोही हसत हसत. म्हणून नीट लिहून ठेवते.

रँचच्या मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या. उन्हाळ्यात त्यांच्या गाई वरच्या सरकारी माळावर चरत. नजर जाईल तिथवर सेजब्रशची राखाडी झुडपं, मध्ये एकच झरा आणि त्याच्या काठी हिरव्या गवताचा पट्टा. सेज ग्राउस नावाच्या रानकोंबड्या पिल्लांना घेऊन त्या गवतात किडे टिपायला येत. सरकारची अट होती, की पिल्लं मोठी होईपर्यंत झऱ्याकाठचं गवत चार बोटं तरी उभं राहिलं पाहिजे. नाहीतर गाई खाली उतरवायच्या. खाली तेव्हा चारा नव्हता, म्हणजे कळप विकायचा.

त्या जूनमध्ये बाईंचा पाय मोडला. गाईंसाठी माळावर चाटणाच्या विटा, म्हणजे मिठाचे ठोकळे, ठेवायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. आधीच्या विटा बघून माझं डोकंच फिरलं. एक या टेकडीवर, एक त्या, आणि सगळ्या पाण्यापासून लांब. मीठ चाटलं की तहान लागणार, ताटाशेजारी तांब्या नको का? मी जुन्यानव्या सगळ्या विटा गोळा केल्या आणि झऱ्याकाठी एका ओळीत मांडल्या. काम चोख झालं म्हणून घरी येऊन चहा केला.

आठवड्याने बाई कुबड्या घेऊन माझ्याबरोबर ट्रकमधून वर आल्या. सगळा कळप झऱ्यावर उभा. गवत बोडकं, काठाचा चिखल.

"मीठ इथे कोणी आणलं?"

"मी. पाणी जवळ आहे म्हणून."

"पाण्यावर त्या न बोलावता येतात. तिथून हलाव्यात म्हणून तर मीठ लांब ठेवायचं. तुझा नवरा गुरांचा डॉक्टर आहे ना?"

संध्याकाळी मी आजोबांना म्हटलं, "अहो, हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे? माझ्या चपला कुठे ठेवायच्या तेसुद्धा तू ठरवतेस. मला वाटलं, मिठाचंही ठरवलं असशील."



सरकारी अधिकारी आला, गवताला पट्टी लावली आणि नकारार्थी मान हलवली. घोळ माझा आहे हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कोणाचाही असो. महिन्याने परत बघतो. गवत आलं नसेल तर गाई खाली."

मग मी विटा पुन्हा टेकड्यांवर नेल्या आणि रोज सकाळपासून स्टीलची थाळी नि उलथनं घेऊन झऱ्याकाठी बसू लागले. गाय दिसली की थाळी बडवायची. बाई ट्रकमध्ये बसून सूचना देत. "जोरात. ती बहिरी आहे." हात भरून येई, आणि हाकललेली गाय पाच मिनिटांत झुडपाला वळसा घालून हजर. इतकं चिवट जनावर मी पाहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक रानकोंबडी पिल्लांना घेऊन कोवळ्या गवतात उतरली. मी हरखून बघतेय तोच पलीकडून तांबडी गाय आली. थाळी वाजवावी तर पिल्लं उधळणार, न वाजवावी तर गवत जाणार. मी थाळी ठेवली, लांबून वळसा घालून गाईपुढे गेले आणि तिच्या मानेला दोन्ही हात लावून लोटत राहिले. हळू आवाजात मराठीत तिला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. शेवटी तीच कंटाळून वळली.

अधिकाऱ्याच्या पट्टीवर गवत चार बोटांना जेमतेम पुरलं. कळप राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात विटा ठेवायचं काम बाईंनी आजोबांना दिलं. मला म्हणाल्या, "तू फक्त थाळी घेऊन ये."