ताईला मी नको जाऊस म्हटलं

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात जीन्सचे धागे कापायची कात्री आली. जे कुणापुढे बोलता येत नाही ते लिहून ठेवते.

मी एक्केचाळीसची असताना हेंद्रेपाड्यात मॅमोग्राफीचं शिबिर आलं. माझ्या डाव्या छातीत काही पांढरं दिसलं. सुई घालून तुकडा तपासायला काढला. त्याचे पैसे मोठ्या जावेने, माझ्या ताईने, भिशीतून दिले. रिपोर्ट येईपर्यंत बारा दिवस घास उतरला नाही, आणि निघालं काहीच नाही. त्याच रागात पुढच्या वर्षी मी ताईला म्हटलं, "नको जाऊस. चांगल्या बाईला आजारी करतात." ती हसली. "बरं झालं, मला तरी कुठे उघडं व्हायला आवडतंय." ती चव्वेचाळीसची होती. त्यानंतरच्या वर्षीही आम्ही गेलो नाही.

मग एका सोमवारी अंबरनाथला, शिवमंदिराच्या गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर, एका सिंधी म्हातारीने मला हाक मारली. मी तिचा उजवा हात धरायला गेले. "वो नहीं बेटा, वो ऑपरेशनवाला है." त्या बाजूच्या छातीचं ऑपरेशन, ती म्हणाली. मी कधी अनोळखी माणसाशी बोलत नाही, पण माझं सगळं सांगून टाकलं. "मुझे भी दो बार फालतू डराया," ती म्हणाली. "तीसरी बार सच निकला. छोटा था, इसलिए तेरा हाथ पकड़के उतर रही हूँ." पिंडीपुढे डोळे मिटले ते ताईसाठी. उघडले तेव्हा म्हातारी गर्दीत दिसली नाही.

घरी जाऊन ताईच्या पाया पडले, तपासणीला नेलं. गाठ निघाली. जीव वाचला, पण उजवी छाती काढावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी दिसलीच असती असं नाही. चाळिशीत कुणाला फायदा होतो, कुणाला नुसता घोर लागतो. विचारून ठरवायचं." मी तर ताईचंही ठरवून टाकलं होतं. म्हातारीच्या तोंडून देवाने हाक मारली म्हणून ताई आहे, एवढं कळतं. बाकीचं त्याच्या पायाशी ठेवते, पण रोज परत उचलते.

सुईचे पैसे दर महिन्याला थोडे थोडे देत होते. काल शेवटचे दिले. ताईने डाव्या हाताने मोजले. "झाले बाई सगळे. आता तरी मान वर कर."

मान वर झाली नाही. पैसे मात्र पूर्ण फिटले.