हरळीवर साड्यांची सावली

मुलाने कसबा बावड्यात घर बांधलं आणि दारासमोर लॉन लावली. मी वाकून बघितलं तर ती हरळीच. उसातली हरळी खुरपून काढण्यात माझी निम्मी हयात गेली. आमचे मालक तर पोट धरून हसले. "हिला घालवाय जन्म गेला, आणि आता गालिच्यावानी हातरून घेतली की गं!"

पण सुनेचा त्या हिरवळीवर फार जीव. तिला सातवा महिना होता. डोहाळजेवण ऐन मे महिन्यात येत होतं. ती म्हणाली, "आत्या, हॉल नको. सगळ्या बायका संध्याकाळी गवतावर बसू." पहिलटकरणीची एवढीच हौस. मी हो म्हटलं.

त्या वर्षी ऊन असं पडलं, की दुपारी अंगणातली फरशी पायाला चटके द्यायची. लॉन पिवळी पडायला लागली. मालकांना राहवलं नाही. त्यांनी कुणाला न विचारता, उसाला टाकतात तसा मुठी मुठी युरिया फेकला, तोही कोरड्या गवतावर. दोन-तीन दिवसांत जागोजागी करपून चट्टे पडले.

"उसाला चालतंय, मग हिला काय झालं?" ते पुटपुटले.

"मामा, असू द्या," सून एवढंच बोलली. मग खिडकीत बसून त्या चट्ट्यांकडे बघत राहिली. तिने भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

मला रस्त्याकडच्या बाजूला थांबायला लाज वाटते. कुणी ओळख काढून बोलायला लागलं की शब्दच सुचत नाहीत. म्हणून मी पहाटेच पाणी मारून आत यायची. पण आता दुपारची सावली केल्याशिवाय गवत टिकणार नव्हतं. ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढल्या, भिंतीपासून पेरूच्या झाडापर्यंत दोऱ्या ताणल्या आणि त्यांवर साड्या पसरून बांधल्या. जांभळी, मोरपंखी, लग्नातली विरलेली हिरवी. सगळ्या रस्त्याला दिसत होत्या.

एक बाई स्कूटर थांबवून ओरडली, "ओ मावशी, सेल लावलाय व्हय?"

मी पदर तोंडाला लावला. आत पळणार होते, पण खिडकीतून हसण्याचा आवाज आला. किती दिवसांनी सून हसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "सेल न्हाय बाई, हरळीला ऊन लागतंय."

"हरळीला? आमच्यात तर भर उन्हात उपटून बांधावर टाकली तरी मरत न्हाय!"

"शेतातली मरत न्हाय. हौसेनं लावलेलीच मरती."

ती खो खो हसली. सून तर डोळे पुसत होती. रस्त्यावरच्या माणसाशी मी एवढं बोलले, याचं मलाच नवल वाटलं. मग रोज ऊन चढलं की साड्या बांधायची, उतरलं की सोडायची, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी.

डोहाळजेवणापर्यंत बरंच गवत सावरलं. युरियाचे दोन चट्टे काही भरले नाहीत. त्यातल्या मोठ्या चट्ट्यावर आम्ही सुनेचा पाट मांडला, दुसऱ्यावर ओटीची ताटं. हातकणंगल्याहून तिच्या माहेरच्या बायका आल्या, गल्लीतल्या आल्या. मालक फाटकात उभे राहून एकेकीला चपला काढायला लावत होते. गाणी झाली, जेवणं झाली, तरी गार गवतावरून कुणी उठेना. मी ताटं उचलायच्या निमित्ताने आत जाऊ बघत होते, पण सुनेने हात धरून मला शेजारी बसवून घेतलं.

शेवटी मालकच नळी हातात घेऊन ओरडले, "उठा की आता बायांनो! हिला पाणी पाजायचं हाय."

सुनेने सरळ हात पुढे केला. "द्या मामा, तहान लागलीच हाय."